आपली गाणी आणि स्वामित्वहक्काचा प्रश्न

आंबेडकरी गीत मुळात पसरण्यासाठी लिहिले गेले. जलशाच्या काळात एका गावी ऐकलेले गाणे दुसऱ्या गावी नेताना कुणी परवानगी मागत नव्हते, आणि लिहिणाऱ्या शाहिराचीही तशी अपेक्षा नव्हती. गाणे जितक्या तोंडी जाईल तितका बाबासाहेबांचा विचार पुढे सरकेल, एवढाच हिशेब होता. आज हे काम मोबाइल करतो. एप्रिल लागला की आमच्या जूचंद्रपासून विरारपर्यंत कोणत्याही कार्यकर्त्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर गाण्यांच्या फायली येऊन पडू लागतात. त्याच सुमारास दुसऱ्या प्रकारचे निरोपही फिरतात. गाणी पुढे पाठवू नका, कॉपीराइटचा गुन्हा लागेल, तुरुंगात जाल, असा त्यांचा सूर असतो. विद्यार्थी मला विचारतात, "मॅडम, यात खरे किती?"

मी महाविद्यालयात व्यापारी कायदा शिकवते. घरातली पहिली पदवीधर. बाप मिठागरावर मजुरी करीत होता, आणि आमच्या घरात पुस्तके येण्याच्या कितीतरी आधी कॅसेटी आल्या होत्या. त्यामुळे हा प्रश्न मला परीक्षेतल्या प्रश्नासारखा सोडवता येत नाही. 'गाणे समाजाचे आहे, त्याला कसला कायदा?' असे म्हणणारे कार्यकर्ते आणि 'हा सरळ गुन्हा आहे' असे म्हणणारे सावध गृहस्थ, दोघेही माझ्या मते अर्धेच बघतात. कायदा गीतकाराला दोन वेगवेगळे हक्क देतो. एक पैशाचा, दुसरा नावाचा. पहिल्या हक्काची लूट कंपन्यांनी केली. दुसऱ्या हक्काची लूट आपण स्वतः रोज सकाळी, चहा पिता पिता करतो. हे दुसरे म्हणणे काहींना कडवट वाटेल, म्हणून ते नीट मांडावे लागेल.

आधी एक साधी गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आपण ज्याला 'एक गाणे' म्हणतो ते भारतीय कायद्याच्या, म्हणजे १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या, नजरेत एक नसते. शब्द ही साहित्यकृती, त्यांचा हक्क गीतकाराचा. चाल ही संगीतकृती, तिचा हक्क संगीतकाराचा. आणि ध्वनिमुद्रण ही तिसरीच वस्तू. तिचा हक्क ज्याने पैसा लावून ते करवून घेतले त्या निर्मात्याचा. शिवाय गाणाऱ्याचा सादरकर्ता म्हणून वेगळा हक्क आहे. म्हणजे मोबाइलवरच्या पाच मिनिटांच्या फायलीत चार जणांचे हक्क एकमेकांत गुंतलेले असतात. हे हक्क मिळण्यासाठी कुठे नोंदणी करावी लागत नाही. कृती निर्माण झाली की हक्क निर्माण झाला. नोंदणी हा फक्त पुरावा असतो. आपल्याकडच्या कित्येक गीतकारांना वाटते की आपण 'रजिस्टर' केले नाही म्हणून आपला हक्क नाही. हा गैरसमज पसरवण्यात कुणाचे हित होते, ते सांगायला नको.

आंबेडकरी गीतांच्या बाबतीत या चार हक्कांत एक आणखी गाठ आहे. आपले पुष्कळ गीतकार लोकप्रिय चित्रपटगीताच्या चालीवर शब्द बांधीत आले. यात कमीपणा काही नाही. वाद्यवृंद परवडत नव्हता, चाल श्रोत्याला आधीच पाठ होती, आणि ती चाल उचलून तिच्यात विचार भरणे हा कमी खर्चात प्रचार करण्याचा मार्ग होता. पण कायद्याच्या भाषेत अशा गाण्याचे शब्द आपले आणि चाल दुसऱ्याची असते. कंपनीच्या मालकीची चाल वापरली म्हणून आपले शब्द तिचे होत नाहीत. आणि शब्द आपले म्हणून चाल आपली होत नाही.

आता पैशाच्या हक्काकडे येऊ. कॅसेट स्वस्त झाली १९८०च्या दशकात. तोवर तबकडीच्या मोठ्या कंपन्यांना ज्या गाण्यांत रस नव्हता ती गाणी गल्लीबोळातल्या लहान कंपन्या काढू लागल्या. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचे आवाज घरोघरी गेले, ही या माध्यमाची मोठी देणगी आहे आणि ती नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. पण त्या व्यवहारात गीतकार कुठे होता? बहुतेक वेळा गाण्यामागे एकरकमी काही रुपये, एखादी सही किंवा अंगठा, आणि हिशेब संपला. गीतकाराच्या नावाच्या जागी 'पारंपरिक' असे छापलेली वेष्टने मी स्वतः पाहिली आहेत, आणि त्यातल्या काही गाण्यांचे कवी तेव्हा हयात होते.

येथे कायदा काय म्हणतो ते पाहण्यासारखे आहे. हक्क लिहून द्यायचा तर तो लेखी आणि सहीनिशीच द्यावा लागतो. तोंडी बोलण्याने तो जात नाही. म्हणजे ज्या कवीने कागदावर काहीच लिहून दिले नाही, त्याचे शब्द, तो कंपनीचा नोकर नसेल तर, त्याचेच राहतात, ध्वनिमुद्रण कंपनीचे असले तरी. १९९४च्या दुरुस्तीनंतर करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता. ही कलमे कागदावर आहेत. ती गीतकाराच्या दारापर्यंत आली नाहीत, कारण कागद वाचणारा माणूस घरात नव्हता.

न्यायालयांनीही फार हात दिला असे नाही. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीच्या खटल्यात चित्रपट निर्मात्यांच्या बाजूने कौल दिला. चित्रपटासाठी मोबदला घेऊन गीत वा संगीत करून दिले, तर उलट करार नसेल त्या ठिकाणी निर्माता पहिला मालक ठरतो, असा त्याचा अर्थ झाला. याच निकालात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी एका वेगळ्या टिपणीत गाणाऱ्याला कायद्याने काहीच संरक्षण नाही याकडे बोट दाखवले. ती खंत संसदेपर्यंत पोहोचायला सतरा वर्षे लागली. १९९४ साली सादरकर्त्याचा हक्क आला.

हे वाचताना मला पवळाबाईची आठवण येते. हिवरगाव पावशाची ही कलावतीण. लावणीच्या शेवटी नाव पठ्ठे बापूरावांचे. ती लावणी ज्या गळ्यामुळे आणि ज्या पायांमुळे महाराष्ट्रभर गाजली त्या बाईचे नाव त्या मुद्रेत नाही. बापूरावांचा मोठेपणा मी नाकारत नाही. पण सादर करणाऱ्याच्या श्रमाची नोंद ठेवायची आपल्या परंपरेला सवय नव्हती, आणि कायद्यालाही ती नव्हती, एवढे लक्षात घ्यावे.

२०१२ साली मात्र कायद्यात महत्त्वाची दुरुस्ती झाली. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत हा प्रश्न लावून धरला होता. गीतकाराने व संगीतकाराने आपला हक्क कंपनीला दिला तरी रॉयल्टीतला बरोबरीचा वाटा त्यांना सोडून देता येत नाही, असे आता कायदा म्हणतो. 'मी रॉयल्टी मागणार नाही' असे लिहून घेतले तरी ते निरर्थक. पण हा वाटा गोळा करून देणाऱ्या संस्थेचा सभासद व्हावे लागते, आपली गाणी तिथे नोंदवावी लागतात. माझ्या ओळखीच्या गावोगावच्या गीतकारांत असा सभासद एकही नाही. मुंबईच्या चित्रपटसृष्टीने मिळवलेला हक्क आपल्या वस्तीपर्यंत यायला अजून कार्यकर्ता लागेल. मोर्चा काढणारा कार्यकर्ता आपल्याकडे आहे. अर्ज भरून देणारा कमी आहे.

आता विद्यार्थ्यांच्या प्रश्नाकडे वळते. गाण्याची फाइल पुढे पाठवणे म्हणजे काय? कायद्याने पाहिले तर प्रत्येक वेळी एक नवी प्रत तयार होते. स्वतःच्या ऐकण्यासाठी, अभ्यासासाठी, समीक्षेसाठी कृतीचा वाजवी वापर करायला कलम ५२ मोकळीक देते. पण 'स्वतःसाठी' या शब्दाला मर्यादा आहे. भावाला एक गाणे ऐकवणे वेगळे आणि शेकडो सभासदांच्या गटात अख्खा संच टाकणे वेगळे. दुसऱ्या गोष्टीला खाजगी वापर म्हणणे कठीण आहे. मग तुरुंगाचे काय? जाणूनबुजून केलेल्या भंगाला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड, असे कलम ६३ सांगते. धंद्यासाठी वा नफ्यासाठी केले नसेल तर यापेक्षा कमी शिक्षा देण्याची मुभा न्यायालयाला आहे. म्हणजे भीती घालणारे निरोप अगदीच खोटे नाहीत. ते अर्धे वाक्य सांगतात. जयंतीचे गाणे मित्राला पाठवणाऱ्या पोराच्या मागे पोलीस लागतील, हे चित्र मात्र अतिरंजित आहे.

फाइल पाठवण्यापेक्षा दुवा पाठवावा, हे मी वर्गात सांगते. दुवा म्हणजे पत्ता. त्यात प्रत होत नाही. ऐकणारा जिथे गाणे रीतसर ठेवले आहे तिथे जाऊन ऐकतो, त्याची नोंद होते, आणि त्या नोंदीवर कुणाला तरी पैसे मिळतात. तो 'कुणीतरी' गीतकार असेलच असे नाही. पण फाइल फिरली तर नोंदच नाही, मग मागायचे कशाच्या आधारावर?

प्रत्यक्षात आपल्या लोकांना जो त्रास होतो तो न्यायालयाकडून होत नाही, यंत्राकडून होतो. चित्रफिती दाखवणाऱ्या मोठ्या संकेतस्थळांवर प्रत्येक आवाज तपासणारी यंत्रणा बसवलेली आहे. कंपन्यांनी आपली ध्वनिमुद्रणे आधी तिथे जमा केलेली असतात. नव्या चित्रफितीतला आवाज त्यांच्याशी ठशासारखा जुळवून पाहिला जातो आणि जुळला की आवाज बंद होतो, किंवा जाहिरातीचे पैसे कंपनीकडे जातात. यंत्राला कलम ५२ कळत नाही. ओवीची चाल कोणत्या कंपनीच्याही आधीची आहे हेही कळत नाही. आमच्या वस्तीतल्या जयंतीच्या कार्यक्रमात एका बाईने बाबासाहेबांवरची, स्वतः बांधलेली ओवी जात्यावरच्या जुन्या चालीत गायली. ती चित्रफीत आम्ही टाकली आणि दुसऱ्या दिवशी तिचा आवाज गेला. कुठल्याशा कंपनीने आपल्या गाण्याशी ती जुळत असल्याचा दावा लावला होता. चाल पारंपरिक आहे, शब्द आणि आवाज गाणारीचे आहेत, असा आक्षेप आम्ही मराठीत आणि इंग्रजीत लिहून पाठवला. आठवड्याने आवाज परत आला. तोवर जयंती होऊन गेली होती.

अशा आक्षेपाचा मार्ग सगळ्यांना माहीत हवा. कायद्यातही त्याला आधार आहे. हक्कदाराने लेखी तक्रार केली तर मध्यस्थ संकेतस्थळाने एकवीस दिवस तो मजकूर थांबवून ठेवायचा. त्या मुदतीत न्यायालयाचा आदेश आणला नाही तर तो पुन्हा खुला करता येतो. मायस्पेस या संकेतस्थळाविरुद्धच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ साली सांगितले की नेमक्या कोणत्या मजकुराबद्दल तक्रार आहे हे कळल्याशिवाय अशा मध्यस्थाला जबाबदार धरता येत नाही. मोठ्या कंपन्यांच्या भांडणातला हा निकाल आहे. पण तक्रार करणाऱ्याने बोट ठेवून दाखवले पाहिजे, हे तत्त्व आपल्याही उपयोगाचे आहे.

मंडपात गाण्याचे काय, हेही विचारले जाते. हौशी मंडळाने तिकीट न लावता गाणी गायली तर तो भंग होत नाही. लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले समारंभ यांनाही कलम ५२ने धार्मिक विधीच्या सवलतीत धरले आहे. गोवा सरकारने २०२४ साली लग्नसमारंभांविषयी काढलेले परिपत्रक मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने रद्द केले, पण कायद्यातले मूळ कलम जागेवर आहे. पैसे घेऊन येणारी गायनपार्टी मात्र 'हौशी' नाही. आणि मंडपातल्या गाण्याला जी सवलत आहे ती त्याच गाण्याची चित्रफीत जगाला दाखवण्यापर्यंत आपोआप लांबत नाही. आपले बहुतेक घोटाळे या एका जागी होतात.

आता नावाच्या हक्काविषयी, ज्यासाठी मी मुख्यतः लिहायला बसले.

कलम ५७ म्हणते की कॉपीराइट विकून टाकला तरी कृती आपली आहे हे सांगण्याचा लेखकाचा हक्क शिल्लक राहतो. आणि त्याची अप्रतिष्ठा होईल अशी मोडतोड थांबवण्याचाही. त्याच्या मागे वारसांना तो बजावता येतो. २०१२ पासून गाणाऱ्यालाही आपले नाव सांगितले जावे असा हक्क आहे. कायद्याने हे फार उशिरा लिहिले. आपल्या परंपरेने ते शेकडो वर्षांपूर्वी करून ठेवले होते. चोखामेळ्याने अभंगाच्या शेवटी आपले नाव गुंफले, जनाबाईने गुंफले, सोयराबाईने स्वतःला चोख्याची महारी म्हणवून घेत आपली खूण ठेवली. ज्यांना मंदिराच्या पायरीवर उभे राहू दिले जात नव्हते त्यांचे शब्द आपल्यापर्यंत त्यांच्या नावाने आले ते या मुद्रेमुळे. लिहिणे दुसऱ्यांच्या हाती होते. नाव वगळायचे तर कडवे मोडावे लागले असते.

वामनदादा कर्डकांनी हीच रीत पाळली. १५ ऑगस्ट १९२२ रोजी सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्मलेला, मुंबईत मोठेपणी अक्षरे शिकलेला हा कवी गाण्याच्या शेवटच्या कडव्यात 'वामन' ठेवून जातो. तो आत्मप्रौढीसाठी ठेवतो असे मानणाऱ्यांना त्याची परिस्थिती कळली नाही. त्याच्याकडे वकील नव्हता, प्रकाशक नव्हता, नोंदणी कार्यालय नव्हते. गाणे तोंडातोंडी जाणार हे त्याला ठाऊक होते, आणि तोंडातोंडी जाणाऱ्या वस्तूवर नाव कोरायची जागा एकच होती.

आणि आज आपण काय करतो? गाण्याचा तीस सेकंदांचा तुकडा कापतो, स्टेटसला लावतो. तुकडा नेहमी ध्रुवपदाचा असतो. शेवटचे कडवे कुणीच ठेवत नाही. जे कॅसेट कंपनीलाही पुरते जमले नव्हते, कारण गाणे पूर्ण छापायचे तर मुद्रा छापावीच लागे, ते आपण बोटाच्या एका हालचालीने करतो. वर फायलीला नाव देतो 'जयंती स्पेशल नॉनस्टॉप' किंवा रिमिक्स करणाऱ्या पोराचे. रिमिक्सला माझा विरोध नाही. पोरे नाचतात, नाचू द्यावीत. पण ज्या समाजाने इतिहासातून आपली नावे पुसली गेल्याची तक्रार केली, आणि ती खरी तक्रार आहे, त्या समाजाच्या मोबाइलमधून त्याच्याच कवीचे नाव पुसले जावे, याला काय म्हणायचे? यात कंपनीला दोष देता येत नाही.

हीच गोष्ट आमच्या गावात दुसऱ्या रूपात दिसते. जूचंद्र रांगोळीच्या कलावंतांसाठी प्रसिद्ध आहे. दिवाळीत इथल्या रांगोळ्यांची छायाचित्रे सगळीकडे फिरतात, आणि त्यातल्या कित्येकांवर काढणाऱ्याचे नाव नसते. आगरी समाजातल्या धवलारणी लग्नात धवले गातात. ती गीते कुणा एकीची नाहीत, त्यांच्या शब्दांवर आज कुणालाच हक्क सांगता येणार नाही. पण गाणारी बाई सादरकर्ती आहे. तिचे गाणे स्वतःच्या खाजगी वापरासाठी किंवा प्रामाणिक अभ्यासासाठी मुद्रित करायला कायद्याची हरकत नाही. ते बाहेर प्रसिद्ध करायचे, त्यावर पैसे मिळवायचे तर तिची संमती हवी. माझ्या विद्यार्थ्यांपैकी जे लोकगीते गोळा करतात त्यांना मी सांगते की ध्वनिमुद्रणाच्या सुरुवातीलाच बाईंना त्यांचे नाव, गाव आणि संमती त्यांच्याच आवाजात बोलायला सांगा. फाइल कितीही फिरली तरी ते तिच्यासोबत फिरते. शेवटी कुणी कापतो, म्हणून सुरुवातीला.

राहिला मुदतीचा विषय. शब्दांवरचा हक्क कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो, आणि मोजणी पुढच्या कॅलेंडर वर्षाच्या आरंभापासून होते. पूर्वी ही मुदत पन्नास वर्षांची होती. १९४१ साली वारलेल्या रवींद्रनाथ ठाकुरांचे हक्क १९९१ अखेर संपत आले तेव्हा ती वाढवली गेली. शाहिरासाठी कुणी कायदा बदलल्याचे ऐकिवात नाही, पण वाढीचा फायदा त्यालाही मिळाला. जोतीराव आणि सावित्रीबाईंचे काव्य केव्हाच सर्वांचे झाले आहे. बाबासाहेबांनी हयातीत प्रसिद्ध केलेले लेखन १ जानेवारी २०१७ पासून मुक्त आहे. अण्णा भाऊ साठे १९६९ साली गेले. त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०२९ अखेरपर्यंत आहे. वामनदादा १५ मे २००४ रोजी गेले, म्हणजे २०६४ अखेर. विठ्ठल उमप २०१० साली गेले. त्यांनी लिहिलेल्या शब्दांना २०७० अखेर. ध्वनिमुद्रणाची मुदत वेगळी, प्रसिद्धीपासून साठ वर्षे. त्यामुळे एखाद्या जुन्या तबकडीचे मुद्रण मुक्त झाले तरी तिच्यातले शब्द अजून बांधलेले असू शकतात.

कवीच्या मागे प्रथमच प्रसिद्ध होणाऱ्या लेखनाला साठ वर्षे प्रसिद्धीपासून मोजली जातात. म्हणून गावोगावच्या शाहिरांच्या ज्या वह्या अजून पेटीत, माळ्यावर पडून आहेत त्यांची छायाचित्रे उत्साहाने गटांवर टाकू नयेत. त्या वह्यांचा हक्क आज त्यांच्या बायकामुलांचा आहे, आणि पहिल्यांदा कोण छापतो यावर पुढचे पुष्कळ अवलंबून राहील. वही जपण्यासाठी स्कॅन जरूर करावी. प्रसिद्ध करण्यापूर्वी वारसांशी एका पानाचा कागद करावा: कोणती गाणी, किती वर्षांसाठी, कोणत्या माध्यमात, रॉयल्टी किती, आणि प्रत्येक गाण्यासोबत कवीचे नाव कुठे येणार. कागद मराठीत असावा. सही करणाऱ्याला तो मोठ्याने वाचून दाखवावा आणि एक प्रत त्याच्या घरी ठेवावी.